गेममध्ये स्वतःची क्राफ्ट वस्तू बनवणं

गेममध्ये मुळात नसलेली वस्तू आपण तयार करायची आणि खेळणाऱ्याला ती कच्च्या मालातून जोडून बनवता येईल अशी सोय करायची, एवढंच हे काम. मॉडिंग, म्हणजे खेळात आपले बदल घालणं, शिकायला बसलेल्या पोट्ट्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण ओळी मोजक्याच लिहायच्या असतात आणि केलेलं लगेच हातात दिसतं.

विदर्भात खेड्यावर बहुतेकांकडे फोन, नाहीतर शहरातल्या दादाचा जुना लॅपटॉप असतो, त्यासाठी लुआंटी सगळ्यात बरं. 2010 साली सुरू झालेलं हे ओपन सोर्स इंजिन, म्हणजे ज्यावर खेळ चालतात तो प्रोग्राम, 2024 पर्यंत माइनटेस्ट नावानं ओळखलं जायचं, फुकट आहे, साध्या मशीनवर आणि अँड्रॉइडवरही चालतं, आणि एकदा ते आणि त्याच्यासोबत माइनटेस्ट गेम हा मूळ खेळ उतरवला की मग नेट असो नसो काम सुरू राहतं.

मॉड म्हणजे एक फोल्डर. त्यात मॉडची माहिती सांगणारी मॉड डॉट कॉन्फ, लुआ या प्रोग्रामिंग भाषेतला आपला कोड असलेली इनिट डॉट लुआ आणि टेक्श्चर्स फोल्डरात चित्राची पीएनजी फाइल, 16 बाय 16 पिक्सेलची असली तरी पुरते. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना फाइलीच्या शेवटी टीएक्सटी चिकटत नाही ना ते बघायचं, नाहीतर इंजिनला फाइल सापडतच नाही. वस्तूचं आतलं नाव इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांचंच, त्याच्या आधी मॉडचं नाव आणि कोलन, त्यात न चालणारं अक्षर आलं किंवा मॉडचं नाव चुकलं तर मॉड लोड होत नाही; काय बिघडलं ते डीबग डॉट टीएक्सटी या फाइलीत लिहून येतं, ती वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

खरी मजा रेसिपीत, म्हणजे कच्चा माल कसा मांडला की वस्तू बनते त्या नियमात आहे. 3 बाय 3 च्या चौकटीत कोणत्या घरात काय ठेवायचं ते आपण ठरवतो, आणि इथं शेतातल्या पोराला फायदा असा की वस्तू कशी जोडतात ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वखर घ्या. खालच्या ओळीत तीन स्टीलचे तुकडे ठेवले की पास, म्हणजे वखराचं पातं, झाली, वर मधल्या घरांत दोन काड्या उभ्या लावल्या की दांडी, चित्र बघूनच कळतं काय बनतंय. अशी रेसिपी खेळणाऱ्याच्या लक्षात राहते, मनाला येईल तसं नऊ घरं भरलेली राहत नाही.

कापूस तर माइनटेस्ट गेममध्ये आहेच. पण त्यात एकावर एक दोन कापूस ठेवले की दोरा बनतो, चौकोनात चार ठेवले की पांढरी लोकर, म्हणून तीच मांडणी आपण दुसऱ्या वस्तूला दिली तर दोन रेसिप्या एकमेकींना आडव्या येतात. दिव्याची वात करायची तर एकाच कापसातून करावी, घरी आजीही तसंच करते. मॉड डॉट कॉन्फमध्ये डिफॉल्ट आणि फार्मिंग हे माइनटेस्ट गेममधले मॉड आधी लागतात (स्टील, काड्या, कापूस त्यांतूनच येतात) असं लिहून ठेवायचं.

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बनवायची असेल तर तिला जळणाची वेगळी रेसिपी लागते, किती सेकंद जळणार तो आकडा आपला. खेळात दगडी कोळशाचा एक तुकडा 40 सेकंद जळतो, पऱ्हाटी भसकन पेटते आणि लवकर विझते तेव्हा तिला सात-आठ सेकंद बस झाले. 100 दिले तर कोळसा खणायला कोणी जाणारच नाही आणि खेळाचा तोल जातो.

माइनक्राफ्टची गोष्ट वेगळी. जावा एडिशनमध्ये 2018 च्या 1.13 पासून डेटा पॅक या फोल्डरातल्या जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीनं रेसिपी टाकता येते, पण अगदी नवीन वस्तू नाही; त्यासाठी फॅब्रिक किंवा निओफोर्ज हे मॉड चालवणारे प्रोग्राम आणि जावा भाषा लागते. 2024 च्या 1.20.5 पासून आहे त्याच वस्तूला वेगळं नाव-रूप देऊन रेसिपीतून काढता येते. शिवाय 1.21 मध्ये फोल्डरचं नाव रेसिपीज ऐवजी रेसिपी झालं, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून केलं तर काहीच लागत नाही.

साधी क्राफ्ट वस्तू नुसती हातात राहते. वखरानं खरंच जमीन वखरायची असेल तर ती टूल म्हणून नोंदवून वापरल्यावर काय व्हावं याचं फंक्शन लिहावं लागतं, आणि लुआ भाषा शिकणं खऱ्या अर्थानं तिथून सुरू होतं.