ग्रहांच्या छायाचित्रांना महागडा कॅमेरा लागतोच का?

गुरूचे पट्टे किंवा शनीची कडी टिपायची तर महागडा कॅमेराच हवा, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे आणि तो अनेक उत्साही नवख्यांना विनाकारण मागे ठेवतो. ग्रहाची प्रतिमा धूसर होते ती मुख्यतः वातावरणातील हवेच्या सततच्या हालचालीमुळे, आणि ती हालचाल कोणताही कॅमेरा थांबवू शकत नाही. म्हणूनच २००० नंतरच्या दशकात हौशी निरीक्षकांनी फिलिप्सच्या ६४० × ४८० पिक्सेलच्या टूयूकॅम या वेबकॅमचे भिंग काढून तो दुर्बिणीला जोडला, चित्रफितीतील शेकडो फ्रेम्समधून हवा क्षणभर स्थिर असतानाच्या तेवढ्या निवडल्या आणि रेजिस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरने त्या एकमेकींवर रचल्या. शंभर फ्रेम्सची सरासरी घेतली की चित्रातील नॉइज, म्हणजे नको असलेला दाणेदारपणा, सुमारे दहापट घटतो. पैसे खर्चायचेच असतील, तर ते आधी दुर्बिणीवर खर्चावेत. मंद तेजोमेघांना मात्र दीर्घ एक्स्पोजर, म्हणजे एकाच चित्रासाठी बराच वेळ प्रकाश गोळा करणे, लागते आणि तेथे साधा वेबकॅम खरोखरच अपुरा पडतो.