बाल अत्याचार : कौटुंबिक जोखीमघटक (गोवा)

घरातील किंवा घराशी निकट असलेल्या व्यक्तीकडून बालकावर होणारा शारीरिक, लैंगिक वा मानसिक अत्याचार आणि बालकाची हेळसांड यांची शक्यता वाढविणारी परिस्थिती. जोखीमघटक म्हणजे कारण नव्हे. असे घटक असलेल्या बहुसंख्य घरांत अत्याचार होत नाही आणि झाल्यास त्याचा दोष करणाऱ्याकडेच राहतो.

या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व सहकाऱ्यांच्या, मारहाण झालेल्या मुलांवरील १९६२ मधील निबंधापासून धरतात. तथापि फ्रेंच न्यायवैद्यक आंब्रवाझ तार्द्यू यांनी १८६० मध्येच आईबापांच्या मारहाणीने जखमी झालेल्या व दगावलेल्या मुलांची वर्णने प्रसिद्ध केली होती. त्यांच्या काळात त्यांकडे फारसे लक्ष गेले नाही. म्हणून केंप यांना आद्य म्हणण्याऐवजी या विषयाला वैद्यकात मान्यता मिळवून देणारे म्हणणे अधिक योग्य. केंप यांचा भर पालकांच्या मनोदोषांवर होता. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी १९८० मध्ये पालकाचा पूर्वेतिहास, कुटुंब, शेजार आणि समाजाच्या धारणा अशा एकात एक असलेल्या स्तरांची मांडणी केली. आज तीच अधिक ग्राह्य मानली जाते. ‘मार खाल्लेला मारकुटा होतो’ हा समज मात्र अद्याप टिकून आहे. जोन कॉफमन व एडवर्ड झिगलर यांनी १९८७ मध्ये तोवरचे संशोधन तपासून ही पुनरावृत्ती सुमारे ३० टक्के असल्याचा अंदाज मांडला. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत साखळी तुटते.

पतिपत्नींमधील हिंसा, दारू, पालकाचे नैराश्य, कर्ज व बेकारी, शिस्तीच्या नावाखाली मारहाण, मुलाचे अपंगत्व आणि नातलग-शेजाऱ्यांपासून तुटलेपण हे नेहमी आढळणारे घटक. एकट्या घटकापेक्षा त्यांचे एकत्र येणे अधिक धोक्याचे असते. लैंगिक अत्याचारात गरिबीपेक्षा विश्वासाचे नाते आणि गुप्तता यांना महत्त्व आहे. अत्याचारी बहुधा आधी घराचा विश्वास संपादतो, मग मुलाचा. खाऊ, अभ्यासात मदत, ‘आईला सांगू नकोस’ असे एखादे निरुपद्रवी गुपित, हा क्रम ओळखीचा आहे. मूल लगेच का बोलत नाही, याची मांडणी मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये केली : गुप्तता, असहायता, जुळवून घेणे, उशिरा व विसंगत सांगणे आणि शेवटी सांगितलेले मागे घेणे. हे वर्णन म्हणजे अत्याचार झाल्याचा पुरावा नव्हे, असे समिट यांनी स्वतःच पुढे बजावले.

गोव्यात या विषयाची चर्चा प्रामुख्याने पर्यटनाच्या अंगाने झाली. मडगाव परिसरात निराधार मुलांसाठी निवास चालविणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक व १९९६ मध्ये जन्मठेप झाली. गोवा बाल कायदा, २००३ वर या प्रकरणाची छाया स्पष्ट दिसते. कुटुंबाबरोबर वा नातलगांबरोबर नोंद नसलेल्या बालकाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश नाही आणि अश्लील चित्रे आढळल्यास ती कळविण्याची जबाबदारी छायाचित्रे धुणाऱ्यावरही आहे. परक्या माणसाला अडविण्याची ही तजवीज नीट विचारपूर्वक केलेली आहे. घरातील माणसाबाबत ती तोकडी वाटते. नातलगाने किंवा दत्तकसंबंधातील प्रौढाने केलेला लैंगिक गुन्हा, अशी कौटुंबिक अत्याचाराची व्याख्या हा कायदा करतो. आईचा जोडीदार त्यात सहज बसत नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या केंद्रीय ‘पॉक्सो’ (२०१२) कायद्याच्या पाचव्या कलमात एकाच घरात राहणाराही येत असल्याने ही उणीव बरीचशी भरून निघते.

‘पोसकें’ या जुन्या प्रथेचाही येथे विचार हवा. गरीब घरचे किंवा अनाथ मूल सुखवस्तू, विशेषतः ख्रिस्ती, घरात वाढे, कामही करी; पण ते रीतसर दत्तक नसे आणि त्याला वारसाही बहुधा मिळत नसे. प्रथा पोर्तुगीज अमदानीतील असून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तरी चालू होती. घरचे आणि तरी घरचे नाही, अशा मुलाची तक्रार ऐकणारे हक्काचे माणूस नसे. तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) किंवा आखातात गेलेल्या बापाच्या घरी एकटी आई आणि देखरेखीला आलेला नातलग, ही रचना आजची. तिला जोखीम म्हणण्यापूर्वी आजी-आजोबांचा आधारही मोजावा लागतो.

केंद्र सरकारच्या २००७ मधील अहवालासाठी गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी झाली. कुटुंबात शारीरिक अत्याचार झालेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांनी आईवडिलांकडे बोट दाखविले. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांत सुमारे निम्मे ओळखीचे होते. गोव्यातील अकरावीच्या ८११ विद्यार्थ्यांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मागील वर्षभरात कोणत्या तरी स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सुमारे एकतृतीयांश मुलांनी सांगितले.

पॉक्सोखाली गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळविणे सर्वांवर बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नातलगाने केलेल्या लैंगिक प्रवेशाच्या गुन्ह्याला किमान २० वर्षे कैद आहे. कमावता माणूस तुरुंगात गेल्यावर चूल कशी पेटणार, हा प्रश्न अशा वेळी आई, आजी, काका सगळेच मुलापुढे ठेवतात आणि जबाब फिरविण्याचा दबाव बहुधा तेथूनच सुरू होतो.