ग्रिफिथ पार्क: जमीन घेतली, पैसे अडवले

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत शिरायला तिकीट लागत नाही. आभाळ निरभ्र असेल त्या रात्री तिथल्या १२ इंची दुर्बिणीला कोणीही डोळा लावावा, फुकट. ही मोकळीक ज्याच्या इच्छेमुळे मिळाली, त्याचा पैसा मात्र तो जिवंत असेपर्यंत वेधशाळेला लागू शकला नाही.

ग्रिफिथ जे. ग्रिफिथ मूळचा वेल्सचा. किशोरवयात अमेरिकेत आला, खाणींच्या व्यवहारात श्रीमंत झाला आणि १८८२ मध्ये त्याने रांचो लॉस फेलिझ ही जहागीर विकत घेतली. तिच्यातली ३,०१५ एकर जमीन १६ डिसेंबर १८९६ रोजी त्याने नाताळची भेट म्हणून शहराला दिली. तेच हे ग्रिफिथ पार्क उद्यान; वेधशाळा याच उद्यानात आहे. साध्या, कष्टकरी माणसांना विसाव्याची जागा हवी, हे त्याचे म्हणणे. शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या आसपास होती. ती जमीन तेव्हा सुटली नसती, तर त्या डोंगरउतारांवर आज घरांच्या रांगा दिसल्या असत्या, असे मला वाटते.

३ सप्टेंबर १९०३ रोजी, दारू आणि संशयाने पोखरलेल्या या माणसाने सांता मोनिकाच्या एका हॉटेलात पत्नी टीनावर गोळी झाडली. तिने खिडकीतून उडी घेतली म्हणून जीव वाचला. एक डोळा कायमचा गेला. त्याला शिक्षा झाली सॅन क्वेंटिन तुरुंगातली अवघी दोन वर्षे. उद्यानाची गोष्ट सांगताना टीनाचे नाव गाळू नये.

सुटल्यानंतर १९१२ मध्ये त्याने वेधशाळेसाठी एक लाख डॉलर देऊ केले. माउंट विल्सन या डोंगरावरच्या वेधशाळेतल्या ६० इंची दुर्बिणीतून पाहिलेले आकाश सगळ्यांना दिसावे, हा त्याचा ध्यास होता. पण गुन्हेगाराचा पैसा नको म्हणून विरोध झाला आणि बेत अडला. जमीन गुन्ह्याआधीची, पैसा नंतरचा, हा लोकांनी केलेला फरक मला तरी चुकीचा वाटत नाही.

१९१९ मध्ये तो वारला. मागे ठेवलेल्या विश्वस्त निधीतून १९३० मध्ये उद्यानात ग्रीक थिएटर हे खुले नाट्यगृह उभे राहिले. ऑक्टोबर १९३३ मध्ये उद्यानात वणवा पेटला आणि किमान २९ मजूर त्यात गेले. महामंदीत पोटासाठी सरकारी रोजगाराच्या कामावर आलेली ती माणसे होती. वेधशाळा १४ मे १९३५ रोजी उघडली. प्रवेश मोफत ठेवावा, हे ग्रिफिथच्या मृत्युपत्रातलेच.