‘शी मूव्ह्ड थ्रू द फेअर’: जुनं किती, नवं किती?

आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरने १९९६च्या ‘मायकल कॉलिन्स’ चित्रपटासाठी हे आयरिश गाणं गायलं. ‘आता आपल्या लग्नाला फार दिवस नाहीत’ हे त्याचं पालुपद. प्रत्यक्षातले कॉलिन्स, म्हणजे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते, २२ ऑगस्ट १९२२ रोजी मारले गेले, तेव्हा किटी किर्नन या त्यांच्या वाग्दत्त वधू होत्या. गाण्याची निवड किती नेमकी होती ते यावरून कळावं. पुढे ‘गॉस्पेल ओक’ या रेकॉर्डमध्ये शिनेडने ‘शी’च्या (ती) जागी इंग्रजी ‘ही’ (तो) घालून हेच गाणं पुन्हा गायलं.

रेकॉर्डवर बहुधा ‘पारंपरिक’ एवढंच छापतात, पण ते अर्धंच खरं. चाल लोकसंगीतातली आहे. बेलफास्टचे हर्बर्ट ह्यूज यांनी ती आयर्लंडच्या डोनेगॉल परगण्यात टिपून घेतली आणि १९०९मध्ये ‘आयरिश कंट्री साँग्ज’मध्ये छापली. शब्द मात्र बहुतांशी कवी पॅड्रिक कोलम यांचे. जुन्या गाण्याचं फक्त शेवटचं कडवं ठेवून बाकीची आपण चालीवर बसवली, असं त्यांनी १९७०मध्ये ‘आयरिश टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात सांगितलं. म्हणजे संध्याकाळी तळ्यावरून सरकणाऱ्या हंसाची ती गाजलेली उपमा लोकगीतातली नव्हे, कोलमांची!

घोळ झाला तो एका कडव्यामुळे. नायिका लग्नाआधीच वारली हे सांगायचं राहून गेलं, म्हणून कोलमनी आणखी एक कडवं रचलं. १९०९च्या छापील गाण्यात ते नव्हतं. ते गाळलं की शेवटी रात्री पावलं न वाजवता येणारी ती जिवंत की भूत, हा प्रश्न लटकतच राहतो. काही गायक मग तिथे सरळ ‘मृत’ असा शब्द घालतात. न घातलेला बरा. संदिग्धतेतच तर गाण्याचा जीव आहे.

चाल मिक्सोलिडियन मोडमधली, म्हणजे आपल्याकडचा खमाज थाट: निषाद कोमल, बाकी सारे स्वर शुद्ध. हार्मोनियमवर पांढरी पाच षड्ज धरला तर काळ्या पट्टीला हात लावावा लागत नाही. साथीत पंचमाचा मेजर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरांचा मेळ) दाबला की शुद्ध निषाद घुसतो आणि चाल बिघडते. त्याऐवजी कोमल निषादाचा मेजर कॉर्ड घ्यावा, किंवा नुसता षड्ज-पंचम धरून ठेवावा. सिंपल माइंड्स या रॉक बँडने १९८९मध्ये ‘बेलफास्ट चाइल्ड’साठी हीच चाल घेतली आणि ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.