टेस्टर पेटला, मग पंप का नाही?

दिवाळी सरली, पाट आटू लागले आणि नेमका तेव्हाच आमच्या गोव्यातल्या केरीच्या कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पंप बंद पडला. शेजारचा मुलगा आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने येऊन स्विचला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग त्याने मोबाइलवर एआयला विचारलं: सिंगल फेज पंप आहे, सप्लाय येतोय, मोटर फिरत नाही, काय असेल? उत्तर आलं, आधी कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) तपासा. तो फोंड्याला जाऊन नवा कपॅसिटर घेऊन आला, बसवला. पंप ढिम्म.

संध्याकाळी गावचे जुने वायरमन काका आले. त्यांनी पहिल्यांदा स्विच टाकून नुसता कान दिला. "घुमत पण नाय रे. कपॅसिटर गेला असता तर मोटर घुमली असती." टेस्टरचं ऐकून हसले. "टेस्टर पेटला म्हणजे फेज आली. परत जायची वाट कुठं आहे?"

ही परतीची वाट म्हणजे न्यूट्रलची तार. न्यूट्रल तुटला तरी टेस्टर पेटतो. होल्डरला बल्ब लावून केलेला टेस्ट लॅम्प मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही धड असतील तरच पेटतो. घरापासून पंपापर्यंतच्या केबलला तीन पिढ्यांनी मारलेले आठ जोड आहेत. काकांनी पहिला जोड धरला नाही, थेट चौथा धरला. मेन बंद, जोड उघडा, लॅम्प लावा, मेन चालू. पेटला, म्हणजे दोष पुढच्या चारांत. मग सहावा, मग सातवा. सातव्याला लॅम्प विझलेला. पोफळीच्या विरीखाली तिथला न्यूट्रल हिरवा पडून गळून गेला होता.

आठ जोडांना तीन चाचण्या. सोळा असते तर चार. जोड दुप्पट झाले तरी चाचणी एकच वाढते, कारण प्रत्येक वेळी संशयितांतले निम्मे सुटतात. अर्थात हे गणित सगळे जोड सारखेच संशयित असताना चालतं. एखादा जोड पाटाच्या पाण्यात लोळत असेल तर शहाणा माणूस आधी तोच उघडेल.

आता एआयचं काय चुकलं? माझ्या मते फारसं काही नाही. मुलाने "सप्लाय येतोय" असं सांगितलं, जे त्याने मोजलंच नव्हतं. आणि मोटर घुमत नाही हे सांगितलंच नाही. भाषेचं मॉडेल दिलेल्या शब्दांवरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, ते मांडतं. न फिरणाऱ्या पंपांत कपॅसिटरचं नाव जगभर वारंवार येतं, ते इथेही आलं. अडचण अशी की आपण कारागिराला जे शिकवू पाहतो, म्हणजे पुढे काय मोजायचं ते ठरवणं, तेवढंच नेमकं या देवघेवीत गळून जातं.

शिकवताना संगणकाला उत्तर द्यायला न लावता बिघडलेल्या यंत्राचं सोंग घ्यायला लावावं, ही कल्पना जुनीच. 1970 च्या दशकात अमेरिकेत 'सोफी' नावाचा प्रोग्राम होता. तो एका पॉवर सप्लायमध्ये दोष लपवायचा. शिकणाऱ्याने अमुक ठिकाणी व्होल्टेज किती म्हणून विचारायचं, आणि प्रोग्राम सर्किटचं गणित करून आकडा द्यायचा. पुढे 1980 च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी 'शेरलॉक' आला. लढाऊ विमानांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासणारं यंत्र बिघडलं तर दोष कसा शोधायचा, ते तो शिकवी. खऱ्या कामात अवघड दोष वर्षाकाठी मोजकेच येतात. इथे ते एकामागून एक समोर येत. 20 ते 25 तासांच्या सरावानंतर शिकाऊ तंत्रज्ञ सुमारे चार वर्षं जास्त अनुभव असलेल्यांच्या तोडीचे ठरले.

आजचं चॅट करणारं एआय मराठीत बोलतं, हे सोफीला जमलं नसतं. पण त्याला एकट्याला यंत्राचं सोंग दिलं तर ते ओहमच्या नियमात न बसणारे आकडेही ठोकून देतं. म्हणून बोलायला एआय आणि आकड्यांसाठी मागे सर्किटचं गणित करणारा प्रोग्राम, अशी जोडी हवी.

आणि उत्तर हातात द्यायचं नाही. तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला, तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. साधं चॅट वापरणाऱ्यांची सरावातली कामगिरी 48 टक्क्यांनी वाढली. ते काढून घेतल्यावर मात्र ती मुलं एआय कधीच न वापरलेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. फक्त इशारे देणाऱ्या, शिक्षकांच्या मदतीने बेतलेल्या चॅटमध्ये हे नुकसान जवळजवळ दिसलं नाही. गणिताचा पेपर आणि केबलचा जोड एक नव्हेत, हे मान्य. पण केरीतला तो कपॅसिटर मला याच जातीचा वाटतो.

शिवाय कुठला दोष आधी संशयित, हे गावागणिक बदलतं. किनाऱ्यावरच्या मोरजीच्या हॉटेलात एसी थंड करीना झाला की तंत्रज्ञ आधी बाहेरचं युनिट बघतो: खारी हवा लागली की तांब्याच्या नळीला चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या पात्या पिठासारख्या झडतात. सत्तरीत पहिल्या गडगडाटानंतर विचारायचं, वीज कुठे पडली. अशा तक्रारी, काय मोजलं आणि शेवटी काय सापडलं, हे सगळं वर्कशॉपांतल्या जॉबकार्डांवर निळ्या पेनाने लिहिलेलं असतं. सरावाचे दोष तिथूनच उचलावेत. आमचं कार्ड असं होईल: पंप बंद, टेस्टर पेटतो, मोटर घुमत नाही, सातवा जोड, न्यूट्रल.