ट्रान्समिशन कंट्रोल युनिट बदलणे

ट्रान्समिशन कंट्रोल युनिट, बोलण्यात टीसीयू किंवा टीसीएम, हा मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा संगणक. गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, इंजिनावर किती भार आहे आणि गिअरबॉक्सचे तेल किती तापले आहे हे पाहून कोणता गिअर कधी टाकायचा ते तो ठरवतो. तो निकामी झाला की काढून दुसरा बसवावा लागतो. ऐकायला काम किरकोळ वाटते: चार बोल्ट, एक-दोन कनेक्टर. पण यातले अवघड काम पहिला बोल्ट सोडवण्याच्या आधी असते, नाहीतर शेवटचा आवळून झाल्यावर. आधी दोष खरोखर युनिटचाच आहे हे सिद्ध करावे लागते. नंतर जुन्या युनिटबरोबर गेलेली त्या गाडीची आणि त्या गिअरबॉक्सची माहिती नव्यात आणावी लागते.

रचना आणि काम

जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत आला, तेव्हा त्यात विजेचा संबंध नव्हता. गिअर बदलण्याचा सगळा निर्णय तेलाचा दाब, स्प्रिंगा आणि व्हॉल्व्ह यांच्या ओढाताणीतून होई. रेनो १६ च्या १९६९ मधल्या ऑटोमॅटिक आवृत्तीत निर्णयाचे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेले. पुढे मायक्रोप्रोसेसर स्वस्त होत गेले तशी ही पद्धत सर्वत्र रुळली. क्लच दाबण्याचे प्रत्यक्ष काम बहुतेक गिअरबॉक्समध्ये अजूनही तेलच करते. ते कुठे जाऊ द्यायचे हे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे छोटे व्हॉल्व्ह ठरवतात, आणि त्या सोलेनॉइडना वीज टीसीयू पुरवतो.

गिअर बदलण्याचा क्षण टीसीयू एकटा निभावत नाही. एक क्लच सुटत असताना दुसरा धरतो, त्या सेकंदाच्या अंशात तो इंजिनाच्या संगणकाला जोर थोडा कमी करायला सांगतो. हा निरोप जातो कॅन बस नावाच्या दोन पिळलेल्या तारांवरून. यामुळेच गिअरबॉक्सच्या झटक्याचे मूळ कधी कधी इंजिनाच्या सेन्सरमध्ये सापडते.

युनिट कुठे बसवले आहे यावर कामाचे स्वरूप ठरते. जुन्या रचनेत ते डॅशबोर्डमागे किंवा बॉनेटखाली वेगळ्या डब्यात असते. काही गाड्यांत ते गिअरबॉक्सच्या अंगावर बाहेरून बसवलेले असते. तिसऱ्या रचनेत ते सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला ठोकळा, यांच्यासह एकाच जोडणीत, थेट तेलात बुडालेले असते. तिला मेकॅट्रॉनिक म्हणतात. बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये २००१ साली आलेला झेडएफचा सहा गिअरचा ६एचपी आणि २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फमध्ये आलेला दोन क्लचचा डीएसजी ही त्याची ठळक उदाहरणे. पहिल्या प्रकारात युनिट काढणे अर्ध्या तासाचे काम असू शकते. तिसऱ्यात गाडी उचलून, तेल रिकामे करून, खालचे चेंबर उतरवल्याशिवाय ते दिसतही नाही.

दोष युनिटचाच आहे का

बिघाड झाल्याचे टीसीयूला स्वतःला कळले, तर तो लिंप मोडमध्ये जातो: सोलेनॉइडचा पुरवठा तोडतो आणि गाडी एखाद्या ठरलेल्या गिअरमध्ये, बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्यात, अडकवून ठेवतो. गाडी सिग्नलवरून जड उठते, वेग धरत नाही, पण गॅरेजपर्यंत पोचते. इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर अनेकदा सगळे सुरळीत होते, आणि मालक तोच उपाय महिनोन् महिने करत राहतो. बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवण्याचा उपायही असाच फसवा. त्याने युनिटमध्ये साठलेले दोषांचे कोड पुसले जातात, काही गाड्यांत गाडी चालता चालता युनिटने शिकलेली मूल्येही जातात, आणि दोष दोन दिवस दबून बसतो.

स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकांतले कोड वाचणाऱ्या यंत्रावर, येणाऱ्या कोडचा अर्थ लावताना सर्वांत मोठी चूक पी०७०० या कोडबाबत होते. त्याचे वर्णन ‘ट्रान्समिशन कंट्रोल सिस्टिममध्ये बिघाड’ असे येते, म्हणून तो युनिटच्या मृत्यूचा दाखला समजला जातो. प्रत्यक्षात तो फक्त निरोप आहे: टीसीयूने इंजिनाच्या संगणकाला दिवा लावायला सांगितले आहे, खरे कारण टीसीयूच्या स्वतःच्या यादीत वाचा. फक्त इंजिनाचे कोड वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरला ती यादी दिसत नाही, आणि धडधाकट युनिट बदलले जाते. यू०१०१ हा कोडही असाच. टीसीयूकडून संदेश येत नाहीत एवढेच तो सांगतो. युनिट मेले असेल, त्याचा फ्यूज गेला असेल किंवा तार तुटली असेल. उलट पी०६०१ आणि पी०६०५ हे स्मृतीतले दोष किंवा पी०६१३ हा प्रोसेसरचा दोष टीसीयूच्याच यादीत दिसला, तर युनिट स्वतःच कबुली देत आहे असे मानायला हरकत नाही. तरीही आधी पुरवठा तपासावा.

पुरवठा तपासणे म्हणजे कनेक्टर काढून मीटर लावणे नव्हे. शंभर धाग्यांच्या तारेतले नव्याण्णव गंजून तुटले आणि एकच उरला, तरी मीटर छान १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. त्याच पिनवर हेडलाइटचा बल्ब जोडला की तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. बल्बचा भार अर्थातच तारेला पेलेल इतकाच घ्यायचा. अर्थिंगचेही तसेच: सर्किट चालू असताना युनिटची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी अर्थचा बोल्ट घासून स्वच्छ करायचा. टीसीयूच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी या एका बोल्टपाशी मिटतात.

कॅन बसची तपासणी त्याहून सोपी. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर धरले की ६० ओहम. बॅटरी काढून, स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजायचे, मात्र गाडीचे सॉकेट थेट त्या बसला जोडलेले असले पाहिजे. १२० दिसले तर एक टोक तुटले आहे. काही गाड्यांत तो दुसरा रेझिस्टर टीसीयूच्याच पोटात असतो.

सोलेनॉइडमधले तारेचे वेटोळे तांब्याचे असल्याने तापल्यावर त्याचा रोध वाढतो. २० अंशांवर ५ ओहम असलेले वेटोळे १०० अंशांवर साधारण साडेसहाच्या पुढे जाते. थंड गाडीवर मोजलेला आकडा गरम गाडीच्या तक्त्याशी ताडून ‘सोलेनॉइड खराब’ ठरवणे ही नेहमीची घाई. पण ही मोजणी टाळूही नये. शॉर्ट झालेल्या सोलेनॉइडमुळे युनिटमधला ट्रान्झिस्टर जळतो, आणि तो सोलेनॉइड तसाच ठेवून नवे युनिट लावले तर तेही त्याच वाटेने जाते.

युनिट का मरते

मुख्य शत्रू उष्णता. तेलात बुडालेल्या युनिटला रोज तापणे आणि निवणे भोगावे लागते. त्यात डाख आणि आतल्या केसाएवढ्या तारांचे जोड थकतात. म्हणून दोष सुरुवातीला फक्त गाडी तापल्यावर दिसतो आणि सकाळी गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते. पाणी शिरणे, उलट्या टोकांनी दिलेला जंप स्टार्ट, बॅटरी न सोडता केलेले वेल्डिंग ही बाकीची कारणे.

एक कारण मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. मर्सिडीज-बेंझच्या ७२२.६ या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तारा जिथून आत जातात तिथे एक प्लॅस्टिकचा १३ पिनी कनेक्टर आहे. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल बाहेर पाझरते, आणि खाली ठिबकण्याबरोबरच ते तारेच्या प्लॅस्टिक आवरणाच्या आत, तांब्याच्या धाग्यांमधल्या फटींतून, दिव्याच्या वातीत चढावे तसे वर चढत जाते. टीसीयू गिअरबॉक्सपासून बराच दूर, बॉनेटखालच्या डब्यात असतो. तरी त्याचा कनेक्टर काढावा तर पिना तेलाने चमकतात. अशा गाडीत गळका कनेक्टर न बदलता, तारा न पुसता टीसीयू बदलणे व्यर्थ आहे.

फोर्डने २०१२ ते २०१४ च्या फोकस आणि फिएस्टा मोटारींच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्समधील टीसीएमची हमी अमेरिकेत १० वर्षे किंवा १,५०,००० मैलांपर्यंत वाढवली होती. युनिट विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलला असे काही लागू आहे का, हे पाहणे शहाणपणाचे.

काढणे आणि बसवणे

जुने युनिट बोलत असेल तोवर त्याच्याकडून सगळे वाचून घ्यायचे: भाग क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, चेसिस क्रमांक, कोडिंग (म्हणजे त्या गाडीपुरत्या निवडलेल्या सेटिंग्ज), शिकलेली मूल्ये. ही पायरी गाळली तर पुढे पश्चात्ताप होतो.

मग इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबायचे, कारण किल्ली काढल्यावरही युनिट थोडा वेळ जागे राहून माहिती साठवत असते. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडायचे. कनेक्टरचा खटका ओढून नव्हे, दाबून किंवा सरकवून उघडतो; तापून ठिसूळ झालेला खटका तुटला तर नवे युनिट पहिल्याच खड्ड्यावर लूज कॉन्टॅक्ट देईल. पिनांना बोट लावायचे नाही, अंगावरची स्थिर वीज आधी धातूला हात लावून उतरवायची.

मेकॅट्रॉनिक असेल तर स्वच्छतेला पर्याय नाही. व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटांत कापसाचा एक धागा अडकला तरी व्हॉल्व्ह चिकटतो, म्हणून तिथे धागे सुटणारे फडके वापरत नाहीत. चेंबरच्या बोल्टना ठरलेला टॉर्क ठरलेल्या क्रमाने द्यायचा. तेल भरून झाल्यावर पातळी थंड गाडीवर बघून चालत नाही. झेडएफ ६एचपीमध्ये ती इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांत असताना, भरण्याच्या भोकातून तेल बाहेर ओघळू लागते त्या क्षणावरून ठरवतात. तापमान याहून वाढले की तेल फुगते, पातळी भरल्यासारखी वाटते, आणि प्रत्यक्षात तेल कमी राहते.

माहिती भरणे

नवे युनिट बहुधा कोरे येते. त्यात त्या मॉडेलचे सॉफ्टवेअर टाकावे लागते, चेसिस क्रमांक लिहावा लागतो, आणि काही गाड्यांत इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी, ओळख करून द्यावी लागते. ती नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. हे काम उत्पादकाच्या स्कॅनरने किंवा संगणकावरून गाडीत सॉफ्टवेअर टाकण्याच्या जे२५३४ मानकाच्या जोडणीतून करतात. सॉफ्टवेअर लिहिले जात असताना बॅटरीचे व्होल्टेज पडले तर युनिट अर्धवट अवस्थेत अडकू शकते. म्हणून या वेळी स्थिर वीजपुरवठा जोडतात. साधा चार्जर त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याची वीज सपाट नसते.

याच्याही पलीकडे गिअरबॉक्सची स्वतःची ओळख असते. एकाच साच्यातून निघालेले दोन सोलेनॉइडही समान विजेला किंचित वेगळा दाब देतात. हा फरक कारखान्यात मोजून ठेवतात. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्सवर त्यासाठी अंक-अक्षरांचे लेबल असते आणि तो कोड नव्या युनिटमध्ये भरावा लागतो. निसानच्या सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक पायऱ्यांऐवजी सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, ही कॅलिब्रेशन माहिती गिअरबॉक्सच्या आतल्या चिपमध्ये असते आणि तिथून नव्या टीसीएममध्ये उतरवून घ्यावी लागते. हे राहिले तर गाडी चालते, कोडही दाखवत नाही, पण प्रत्येक गिअरला हिसका देते, आणि दोष पुन्हा गिअरबॉक्सच्या माथी येतो.

शेवटी शिकवणी. प्रत्येक क्लच भरायला किती मिलिसेकंद लागतात, झीज किती झाली आहे, हे जुन्या युनिटने हळूहळू शिकलेले असते. नवे युनिट कारखान्यातल्या नव्या क्लचचे आकडे धरून चालते. स्कॅनरमधून ही शिकवणी, म्हणजे ॲडॅप्टेशन, चालवताना तेलाचे तापमान ठरलेल्या पट्ट्यात असावे लागते, आणि त्यानंतर हलक्या ॲक्सिलरेटरवर सगळे गिअर वर-खाली जातील अशी गाडी चालवतात. पहिल्या काही किलोमीटरचा खडबडीतपणा बिघाड समजू नये. शंभर-दोनशे किलोमीटरनंतरही तो टिकला तर मात्र परत तपासावे.

नवे, जुने की दुरुस्त

दुसऱ्या गाडीतून काढलेले युनिट स्वस्त पडते, पण ते त्या गाडीच्या चेसिस क्रमांकाशी बांधलेले असू शकते. मग एकतर ते कोरे करावे लागते, नाहीतर आपल्या जुन्या युनिटची स्मृती वाचून त्यात जशीच्या तशी उतरवावी लागते. याला क्लोनिंग म्हणतात. भाग क्रमांकात शेवटचे एक अक्षर वेगळे असले तरी हार्डवेअर वेगळे असू शकते, तेव्हा ‘दिसायला सारखेच आहे’ हा निकष निरुपयोगी. आपलेच युनिट दुरुस्त करून घेणे हा तिसरा मार्ग. डाख सुटला असेल तर तो सर्वांत सोयीचा, कारण स्मृती, कोडिंग आणि शिकलेले आकडे त्याच्यासोबत परत येतात. सिलिकॉन जेलमध्ये बुडवलेले आणि सिरॅमिक पाटीवर घडवलेले युनिट मात्र सहजी उघडता येत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी जुने युनिट लगेच भंगारात टाकू नये. नव्यात काही मूल्य राहून गेल्याचे आठवडाभराने लक्षात येते, आणि ते मूल्य तेवढ्या एकाच ठिकाणी उरलेले असते. बरेच विक्रेते जुना भाग परत मागतात. त्यांना तो गाडी गरम आणि थंड अशा दोन्ही अवस्थांत नीट चालल्यावर द्यावा.