गल्लीतल्या व्हीसीआरपासून घरच्या सर्व्हरपर्यंत

घरच्या मीडिया सर्व्हरचा, म्हणजे घरातले सिनेमे-व्हिडिओ साठवून इतर पडद्यांवर पाठवणाऱ्या यंत्राचा इतिहास सांगायचा तर लोक एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रापासून सुरुवात करतात. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या केबलवाल्या अण्णांपासून करतो. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांच्या माडीवर एक व्हीसीआर असायचा आणि तिथून निघालेली काळी वायर कौलांवरून घरोघर गेलेली. रात्री पिक्चर सुरू असताना चित्रात मुंग्या आल्या की खालून हाक जायची, "ओ अण्णा, हेड पुसा की!" मग अण्णा व्हीसीआरचं झाकण उघडून कोऱ्या करकरीत नोटेनं हेड पुसायचे. १९९५ च्या कायद्यानं केबलवाल्यांना नोंदणी सक्तीची केली. त्याआधीचा हा सगळा गल्लीचा खाजगी कारभार होता. माल एका घरात, बघणारे पंचवीस घरांत. आणि चोराची भीती नाही, कारण वायर गल्लीच्या टोकाला संपायची.

पुढं संगणकाच्या जगात हेच पुन्हा घडलं. २००२ मध्ये काही हौशी प्रोग्रामरनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर मीडिया प्लेअर बसवला. त्याचं एक्सबीएमसी झालं आणि २०१४ मध्ये कोडी. पण तो मुळात समोरच्या पडद्यावर दाखवणारा. २००३ पासून मोठ्या कंपन्यांनी डीएलएनए नावाची पद्धत रुजवली, तीही घरातल्या घरात चालणारी. तिच्यात पासवर्डाची भानगडच नव्हती. घराच्या नेटवर्कवर आहे तो घरचाच, एवढाच हिशेब. अण्णांचाही हिशेब तोच होता.

खरा बदल प्लेक्स नावाच्या सॉफ्टवेअरनं केला. २००७ च्या अखेरीस एक्सबीएमसी मॅकवर आणण्याच्या खटपटीतून तो जन्मला आणि लवकरच त्याचे दोन तुकडे झाले. डिस्क सांभाळणारा सर्व्हर एकीकडे, बघायचा पडदा दुसरीकडे. मोठी फाइल मोबाइलला झेपेल अशी जागच्या जागी बारीक करून पाठवायचं काम सर्व्हरचं. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. झालं, पुण्यातल्या पोरांना कोल्हापूरची डिस्क दिसायला लागली आणि वायर गल्लीबाहेर गेली.

बाहेर जायचं तर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक नंबरी दार, उघडायचा. प्लेक्सचा ३२४००, पुढं आलेल्या जेलीफिन या तशाच सर्व्हरचा ८०९६. मीही एकदा हौसेनं उघडला होता. संध्याकाळी लॉग, म्हणजे आल्यागेल्याची नोंद, पाहिला तर कुठून कुठून आलेले पत्ते 'अ‍ॅडमिन', 'रूट' अशी नावं लावून दार ठोठावत होते. त्यांना माझ्या घरच्या बारशाच्या व्हिडिओत रस नव्हता. त्यांना आत शिरायला कुणाचंही यंत्र चालतं.

शिरल्यावर काय होतं, ते २०२२ मध्ये लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपासच्या प्रकरणात दिसलं. त्या कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर जुना प्लेक्स होता. त्यातली फट मे २०२० मध्येच बुजवलेली होती, यानं अपडेट घेतलंच नव्हतं. चोरांनी तिथून शिरून कळफलकावरची प्रत्येक टकटक टिपली, मुख्य पासवर्ड मिळवला आणि ग्राहकांच्या पासवर्डांच्या तिजोऱ्यांच्या प्रती लांबवल्या. सिनेमे बघायच्या सोयीनं एवढ्या मोठ्या कंपनीला भगदाड पाडलं, हे मला अजून पटत नाही. पण घडलं.

दरम्यान दुसरी एक गोष्ट घडत होती. आपल्या आशिया खंडातले आयपीव्ही४ पत्ते, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखायचे जुन्या पद्धतीचे नंबर, एप्रिल २०११ मध्ये जवळपास संपले. मग इंटरनेटवाले शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवू लागले. त्याला सीजीनॅट म्हणतात. आमच्या फायबरवाल्यानंही तेच केलं. पोर्ट उघडा नाहीतर काही करा, बाहेरून घर सापडेचना. तक्रार केली तर उत्तर आलं, "स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता घ्या, जादा पैसे पडतील." महिनाभर शिव्या घातल्या. आता वाटतं, त्यानं नकळत भलंच केलं.

कारण त्या अडचणीतून लोक व्हीपीएनकडं, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या कुलूपबंद खाजगी वाटेकडं वळले. मार्च २०२० मध्ये वायरगार्ड नावाचं व्हीपीएन लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात आलं. टेलस्केलसारख्या सोयी त्याच्यावरच उभ्या आहेत. अशा सोयींत घरचं यंत्र स्वतःहून बाहेर जोडणी करतं, त्यामुळं राउटरमध्ये बाहेरच्यासाठी पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही. ज्या उपकरणाची किल्ली नोंदवली, तेवढंच आत. वायर पुन्हा ठरलेल्या घरांतच संपते. सॉफ्टवेअरही हाताशी होतं. एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरनं आपला कोड बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काहींनी आधीच्या खुल्या कोडवरून जेलीफिन सुरू केला. त्याला कुठल्या कंपनीत खातं लागत नाही.

एक धोका मात्र कुठलंही व्हीपीएन अडवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा शाहूपुरीतल्या मित्राचा सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात होता. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, दोन्ही चिखलात. तेव्हापासून माझी दुसरी डिस्क पुण्यात बहिणीकडं असते.

तिच्यावर आमच्या लग्नाची कॅसेटही आहे. पडद्याच्या तळाशी पांढऱ्या रेघा नाचतात, आणि अण्णा पंगतीत जिलेबी वाढताना दिसतात.